वाढली म्हणायचं

बांगडी भरताना बांगडीकडे बघायचं नसतं. बाईच्या तोंडाकडे बघायचं, तिला माहेरचं विचारायचं, आणि तिचं लक्ष तिकडं गेलं की अंगठ्याखालचा मांसल भाग आत दाबून काच पुढं सरकवायची. "हात सैल सोड गं," हे मी दिवसभर म्हणत असते. बाईने हात आवळला की काच पिचते, आणि मग ती तिला कापेल की मला, हे काचच ठरवते. माझ्या बोटांवर असे बरेच पांढरे वण आहेत.

आम्ही मणेर. बांगड्या विकणं आणि भरणं हाच घरचा धंदा. बारामतीत एक गाळा आहे, आणि बाकीचे दिवस पेटी घेऊन गावोगावचे बाजार आणि लग्नघरं. बायका मला बांगडीवाली भाभी म्हणतात. मी स्वभावाने तापट. माहेरी मला लवंगी मिरची म्हणायचे आणि ते कौतुकाने नव्हे. खरं तर रागीट माणसाने लाकडं फोडावीत, विहिरी खणाव्यात, काचेच्या वाटेला जाऊ नये. पण धंदा काही कुणी विचारून देत नाही.

माझ्या नवऱ्याचा स्वभाव अगदी उलटा होता. त्यांचा हात इतका हलका की म्हाताऱ्या बायका मला बाजूला सारून त्यांच्यापुढे हात करायच्या. सांधे सुजलेला, वाकडा झालेला हात असला तरी ते गप्पा मारता मारता डझनभर बांगड्या चढवायचे, आणि बाईला कळायचंही नाही. लग्नानंतर माझ्या हातात पहिल्या बांगड्या त्यांनीच भरल्या. मी हात आवळून बसले होते. ते म्हणाले, "सैल सोड. मी काय चोर हाय व्हय?" तेव्हा मला हसू आलं आणि हात आपोआप सैल पडला.

तोच हात आता मला मारतो.

इंदापूर रोडला उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे लाल दिवा नव्हता, साधं फडकंसुद्धा बांधलेलं नव्हतं. हे अंधारात मोटारसायकलवरून येत होते, त्यांचं डोकं थेट तिच्यावर आदळलं. माणूस वाचला, हातपाय धड राहिले, बोलणं आलं, चालणं आलं. सगळ्यांनी मला नशीबवान म्हटलं. घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी भाकरी जाड झाली म्हणून तापलेला तवा फेकला. तो माझ्या खांद्याला चाटून भिंतीवर आपटला. भिंतीचा तिथला पोपडा उडाला, आणि तव्याची अर्धी गोलाई तिथं अजून दिसते. तवा फेकून झाल्यावर ते खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "तू जेवलीस का गं?"

हे असंच चालतं. केस धरून ओढतात, ताट मारतात, मनगट पिरगाळतात. एकदा गळा धरला होता, तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. आणि पाचदहा मिनिटांत सगळं विसरतात. मला राग कशाचा येतो सांगू? माराचा येतोच. पण त्याहून जास्त त्या विसरण्याचा येतो. मारणारा मोकळा आणि मार खाणारीने तो सांभाळत बसायचं, हा कुठला न्याय?

डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. म्हणाले, "कपाळामागं मेंदूचा जो भाग असतो, तो माणसाला आवर घालतो. राग सगळ्यांनाच येतो, पण हा भाग म्हणतो, थांब. यांना तिथंच मार बसलाय. तुमच्यावर राग आहे म्हणून ते मारत नाहीत. थांब म्हणणारा कुणी आत उरलेला नाही." मी घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होते. मग माझ्या कपाळामागं कोण बसलंय? आणि तो किती दिवस थांब, थांब म्हणणार? त्याला कधी दम लागतच नसेल का?

लागतो. हे मला गाळ्यात बसून कळलं. सकाळी माझं डोकं भरलेल्या माठासारखं असतं. मग एक बाई येते, चाळीस रंग काढायला लावते आणि "येते हं नंतर" म्हणून निघून जाते. मी हसते, माठातला एक पेला गेला. दुसरीला दोन-सहाच्या मापाची बांगडी लागते, पण तिला दोन-चारचीच हवी असते, कारण जावेच्या हातात दोन-चारची बसते. मी गोड बोलून समजावते. आणखी एक पेला गेला. तिसरीचं पोर काचेच्या माळांना लोंबकळतं. संध्याकाळी घरी जाते तेव्हा माठाचा तळ दिसत असतो, आणि नेमकं तेव्हाच घरचा माणूस तहानलेला असतो. तेव्हा मी स्वतःला घाबरते. कारण आमच्या ओट्यावर मसाला कुटायचा लोखंडी बत्ता असतो, आणि मार खाताना माझे डोळे त्याच्याकडे जायला लागले होते.

मारलेलं दिसू नये म्हणून मी मनगटापासून कोपराखालपर्यंत बांगड्या घालायला लागले. काळ्यानिळ्या वळांवर हिरव्या, लाल, सोनेरी. बायकांना वाटायचं भाभी दुकानाची जाहिरात करते. त्याच डिझाइनच्या मागायच्या.

लपवायचं ते माझ्या दिरापासून. तो पिंपळीला शेती करतो, म्हशी पाळतो. तोंडाचा फटकळ, पण भावावर जीव टाकणारा. मला बाजाराला किंवा लग्नघरी जायचं असलं की तोच टेम्पो घेऊन येतो आणि दिवसभर भावापाशी बसतो. एकदा त्याने माझ्या पदराला लागलेलं रक्त बघितलं. जाताना टेम्पोच्या सीटखालून म्हशीचा दोर काढून मला दाखवला. "भाभी, आता परत असं दिसलं ना, भाईला मी पिंपळीला नेणार. गोठ्याशेजारच्या खोलीत बांधून ठेवीन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. पर तुझा मुडदा उचलायला मी येणार न्हाय." तो नुसता बोलणाऱ्यातला नाही, हे मला माहीत होतं. ज्या माणसाच्या हाताची अख्ख्या तालुक्यात वाहवा झाली, त्याचे हात दोराने बांधलेले बघायचे की मार खायचा, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. मी बांगड्या आणखी वर चढवल्या.

या सगळ्यात मला एकच जागा सापडली, तीही अपघाताने. सुप्याचा बाजार लवकर उठला, परतीची गाडी यायला वेळ होता, आणि चौकात बसून कुणाशी बोलायची माझ्यात ताकद नव्हती. पेटी एका ओळखीच्या दुकानात ठेवली आणि पाय नेतील तिकडं चालत सुटले. गावाबाहेरच्या अभयारण्याच्या कडेला एका दगडावर जाऊन बसले. बघण्यासारखं काहीच नव्हतं. पिवळं वाळकं गवत, चार बाभळी, वारा. कुसळं साडीत घुसलेली. पण थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की इथं मला कुणाच्याही तोंडाकडे बघायचं नाहीये. गवत हलतं तेव्हा आपण त्याच्याकडे बघतो, पण ते आपल्याकडून काही मागत नाही. कुठला रंग देऊ, असं विचारावं लागत नाही. डोळे उघडे ठेवून झोप काढल्यासारखं झालं.

मग चिंकारा हरणं दिसली. आधी गवतात नुसते कान, मग पाठी. त्यांतल्या दोन नरांची अचानक जुंपली. साधीसुधी नव्हे. शिंगांत शिंगं अडकवून एकमेकांना मागं रेटत होते, खुरांखालची माती उडत होती, शिंगांचा खाड् खाड् आवाज माझ्यापर्यंत येत होता. एकाच्या मानेवर रक्त दिसलं. मी दगडावरून उठून उभी राहिले, कारण मला मारामारीचा एवढाच अर्थ ठाऊक होता की आता हे कुठवर जाणार. आणि एकाएकी एकाने मान वळवली. संपलं. दोघं हातभर अंतरावर उभे राहून गवत खायला लागले. कुणी रुसलं नाही, कुणी ते उगाळत बसलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "एवढंच?" एका हरणाने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

त्या संध्याकाळी घरी यांनी पाण्याचा तांब्या फेकला. मी तो चुकवला, उचलला, जागेवर ठेवला, आणि बत्त्याची आठवणही झाली नाही. तेव्हापासून सुप्याचा बाजार मी चुकवत नव्हते. दिराला कळलं तेव्हा तो हसून हसून बेजार झाला. "काय हाय तितं बघायला? नुसती कुसळं! आमच्या बांधावर ये की, पोतंभर देतो."

मग लग्नसराई आली. लग्नसराईत मणेराला मरायलाही फुरसत नसते. सुपे सुटलं. एक बाजार, दुसरा बाजार, मग मोजणंच सोडलं. रोज कुठल्यातरी लग्नघरी हातांमागून हात. घरी यांचं बिनसलेलं, कारण मी दिवसभर नसायचे. झोप तुटक. डोक्यात सतत काहीतरी भुणभुणत होतं. मीठ दोनदा पडायचं. गाळ्याला कुलूप लावलं का, हे बघायला अर्ध्या वाटेतून मागे यायचे.

अशातच वरकुटे गावातलं एक लग्न आलं. इंदापूर तालुक्यातलं हे जुनं गिऱ्हाईक. नवरीच्या आईचा चुडाही आमच्याच घरातून भरलेला. आदल्या रात्री यांनी माझा उजवा हात पिरगाळला होता आणि अंगठा सुजला होता. दीर सकाळी येऊन यांच्यापाशी बसला, मी पेटी घेऊन निघाले.

अंगणात डीजे लावलेला. खोलीत पंचवीस बायका, प्रत्येकीच्या हातात मोबाइल. नवरी पाटावर बसली, मी तिचा हात हातात घेतला. हात थंड, आणि मूठ आवळलेली. "सैल सोड गं," म्हणाले. तिने सोडला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघायला हवं होतं, काहीतरी विचारायला हवं होतं. पण डोक्यातून एक शब्द निघेना. मी बांगडीकडे बघत होते. सुजलेल्या अंगठ्याने दाबलं, ते जास्त दाबलं गेलं. काच पिचली. तिच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली आणि थेंब पाटापुढं मांडलेल्या तांदळांत पडला.

आणि मी म्हणाले, "फुटली. दुसरी घेते."

ज्यांना यात काय झालं हे कळणार नाही त्यांना सांगते. बांगडी फुटते ती नवरा मेल्यावर. एरवी ती वाढते. कुंकू पुसत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. हळदीच्या अंगाने बसलेल्या नवरीच्या चुड्याला फुटली म्हणणं म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याला तिरडीवर झोपवणं. आणि हे कुणी म्हणावं? मणेरणीने.

नवरीच्या आत्याने मला मुस्काटात मारली. पंचवीस बायकांच्या देखत, ताकदीने. माझ्या तोंडात रक्ताची चव आली. "जीभ हाय का कातरी? शुभकार्यात काय बोललीस!" दुसऱ्या कुणीतरी माझी पेटी लाथेने सारली, आतल्या माळा घरंगळल्या आणि काच खळाळली. नवरी रडायला लागली. एक म्हातारी माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीने म्हणाली, "वाढली म्हणायचं गं बाई. वाढली."

मला शिकवत होती! ज्या शब्दावर आमच्या घरातली चूल पेटली, तो मला शिकवत होती. माझ्या हातात पिचलेल्या बांगडीचा तुकडा होता. तो त्या आत्याच्या गालावरून ओढावा, असं मला स्पष्ट वाटलं. ओढला नाही. कपाळामागच्याने शेवटचं थांब म्हटलं असावं. मी चुडा पुरा भरला, काच वेचली, पेटी उचलली. जेवून जा, असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हटलं असतं तर मी काय केलं असतं याची खात्री देत नाही.

इंदापूरहून एसटी मिळाली. खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. नजरेला कुठं जायलाच वाव नव्हता. गाल ठणकत होता.

घरी दिवेलागण झाली होती. दीर दारातच उभा. त्याच्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त आलेलं. "भाई चावले," तो म्हणाला. "चहा गार झाला म्हणून चावले. लचका तोडला असता. बास झालं भाभी. मी आता नेतो भाईला." दुसऱ्या हातात दोर होता. मग त्याला माझा गाल दिसला. "आणि हे काय? हे कवा मारलं?"

"हे त्यांनी न्हाय मारलं," मी म्हणाले.

"किती दिवस झाकशील?"

पहिल्यांदाच खरं बोलत होते आणि पहिल्यांदाच त्याचा विश्वास बसत नव्हता. आतून यांनी ऐकलं. दोर बघितला. त्यांना काय कळलं देव जाणे, पण उठले ते थेट माझ्यावर आले. माझे केस मुठीत धरून डोकं भिंतीवर आपटलं, तव्याच्या खुणेपाशीच. दुसऱ्यांदा आपटलं. दीर मधे पडला, त्याला ढकललं, तो उंबऱ्यावर पडला. माझा हात ओट्यावर गेला. बघावं लागलं नाही. बत्ता कुठं असतो हे हाताला पाठ होतं. मी तो उचलून डोक्याच्या वर नेला. त्यांचं कपाळ माझ्यापुढं होतं, टाक्यांचा वण असलेलं, आधीच फुटलेलं. आणि मला ते फोडायचं होतं. वरकुट्याची आत्या, तो ट्रॉलीवाला, चाळीस रंग काढायला लावणाऱ्या बायका, सगळ्यांच्या वाटचं याच कपाळावर.

हात वर गेला तशा माझ्या सगळ्या बांगड्या मनगटावरून खाली कोपराकडे घसरल्या. खळ्ळकन आवाज झाला.

त्यांनी माझे केस सोडले. बत्त्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. माझ्या हाताकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर काळजी होती.

"अगं, हळू," ते म्हणाले. "वाढतील ना."

मग दीर उंबऱ्यावरूनच म्हणाला, अगदी बारीक आवाजात, "भाभी, आता दोर कुणाला बांधू?"

मी बत्ता खाली ठेवला. तिथंच खाली बसले. हेही समोर बसले आणि त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला. एकेक बांगडी बोटाने फिरवून बघायला लागले. एक सापडली. "ही वाढलीय," म्हणाले. अंगठ्याखाली दाबलं, आणि ती तडकलेली बांगडी माझ्या हातातून अशी काढली की मला साधा ओरखडाही आला नाही. तोच हात. माझ्या लग्नातला. मग आणखी दोनचार काढल्या, आणि खालची कातडी उघडी पडली. काळी, निळी, कडेने पिवळी. ते बराच वेळ बघत राहिले.

"कुणी मारलं गं तुला?"

मी दिराकडे बघितलं, त्याने मान फिरवली. वरकुट्याच्या आत्याचं नाव सांगता आलं असतं, तेवढी ती उपयोगाला आली असती. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "धंद्यात लागतं."

"हात आवळत असशील," ते म्हणाले. "सैल सोडत जा."

मी रडले. भोकाड पसरून रडले, दिरासमोर, लाज न बाळगता. रडणं आवरायलाही आतला तोच माणूस लागतो, आणि तो केव्हाच झोपला होता. हे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि काय झालं, काय झालं, विचारत होते.

दिराने दोर गुंडाळला. टेम्पोपर्यंत गेला, परत आला, दारात उभा राहून चपलेने माती उकरत राहिला. "सुप्याचा बाजार कवा हाय?" त्याने विचारलं.

"चार दिवसांनी."

"उद्याच जा. बाजार नसला म्हणून काय झालं. मी बसतो भाईपाशी. तुझी ती कुसळं बघून ये." जरा थांबून म्हणाला, "दर आठवड्याला जायचं. न्हाय गेलीस तर दोर हायच."

त्या दिवसानंतर यांनी मला मारलंच नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. परवाच खांद्यावर ताट बसलं. दोर अजून टेम्पोच्या सीटखालीच आहे. दीर तो तिथून काढत नाही, आणि मीही काढ म्हणत नाही. बत्ता मात्र मी शेजारणीकडे ठेवलाय. मसाला कुटायचा असला की तिच्याकडे जाते, आणि बाजार असो नसो, आठवड्यातून एकदा सुप्याला.